कोकणातल्या घराभोवतीचे बुडखे आणि कीड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावचं घर वर्षातले सात-आठ महिने बंद, माणसं शिमगा, मे महिना आणि गणपतीला येणार, आणि पावसाळ्यात आडवी झालेली किंवा तोडलेली झाडं आवारात तशीच बुडख्यांच्या रूपात उभी. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात हे चित्र घरोघरी दिसतं. खालची उत्तरं अशा घरांसाठी आहेत. बुडखा काढणं आणि कीड आवरणं ही दोन वेगळी कामं समजली जातात, तिथेच पहिली चूक होते. आवारातलं कुजकं लाकूड आणि जोत्याजवळची ओल तशीच ठेवून औषध मारलं, तर दर दोन वर्षांनी तेच औषध पुन्हा मारावं लागतं.

झाड तोडून झालंय. बुडखा तसाच राहिला तर काय बिघडतं?

कुठे आहे त्यावर अवलंबून. घरापासून तीस-चाळीस फुटांपलीकडे, बागेच्या कडेला असेल तर खुशाल राहू द्या. जोत्यापासून दहा-बारा फुटांच्या आत असेल तर काढा. त्याची मुळं जोत्याखाली गेलेली असतात. ती कुजली की जमिनीत पोकळ नळ्या तयार होतात, आणि वाळवीला बाहेरच्या बुडख्यापासून आतल्या चौकटीपर्यंत आयती वाट मिळते. आतली चौकट तीन वेळा बदलूनही वाळवी थांबत नाही अशा घरात पडवीसमोरचा जुना बुडखा आधी तपासावा.

माडाचा बुडखा मात्र लांब असला तरी ठेवू नका. कुजत्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या खोडाच्या भुशात वाढतात आणि भुंगे आजूबाजूच्या जिवंत माडांचे कोंब कातरतात. पुढे उमललेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले की समजावं. वाळलेल्या काजूचंही तसंच. खोडकिड्याने मेलेल्या काजूचा बुडखा मुळांसकट काढून, फोडून, आतल्या अळ्या मारायला हव्यात. नाहीतर पुढचं झाड जातं.

बुडखा काढायला परवानगी लागते का?

प्रश्न उभ्या झाडाचा असतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच, हिरडा, बिबळा अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात, सोबत सातबारा. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात न्यायालयाच्या आदेशाने वेगळी बंधनं आहेत, आणि गोव्यात 1984 चा वेगळा वृक्षसंरक्षण कायदा आहे. वादळात पडलेलं झाड असेल तर उचलण्याआधी फोटो काढून तलाठ्याला कळवा. साग किंवा खैराचा बुडखा गाडीत घालून बाहेर न्यायचा असेल तर वाहतुकीच्या पासाची चौकशी आधी करा.

बुडखा काढायची कोणती पद्धत चांगली?

तीन पद्धती आहेत: हाताने खणणं, जेसीबी, आणि कुजवणं.

हाताने: एक-दीड फूट जाडीपर्यंतचा बुडखा दोन माणसं एका दिवसात काढतात. बुडख्यापासून दीड-दोन फूट सोडून गोल चर खणा, दोन फूट खोल. मुळं उघडी पडली की कुऱ्हाड लगेच घालू नका. आधी पाण्याच्या पाइपने किंवा बादलीने मुळांवरची माती धुवा. आपल्या जांभ्या मातीत खडे असतात. मातीसकट मुळावर कुऱ्हाड घातली की दहा घावांत धार जाते, आणि चेनसॉ घातला तर साखळी त्याच मुळावर बोथट होते. प्रत्येक आडवं मूळ दोन ठिकाणी तोडा, मधला तुकडा काढून टाका. एकाच ठिकाणी तोडलं की मुळाची टोकं एकमेकांत अडकून राहतात आणि बुडखा हलत नाही. शेवटी पहारीने एका बाजूने उचलून खालचं सोटमूळ तोडायचं. माडाला सोटमूळ नसतं, फक्त दोरीसारख्या मुळांचा जुडगा असतो. सगळीकडून दीड फूट खोलपर्यंत ती तोडली की बुडखा लोटता येतो.

हलत नसेल तर दोन टनांची हातचेन (हाताने चालवायची साखळीची कप्पी) लावा. चेन ज्या जिवंत झाडाला बांधाल त्याला आधी गोणपाट गुंडाळा, साल सोलवटते. विजेच्या खांबाला किंवा पडवीच्या खांबाला कधीही नाही. ओढायला नायलॉनचा दोर वापरू नका. तो ताणून लांबतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो. साखळी किंवा तारेचा दोर घ्या, आणि त्याच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका.

जेसीबी बोलवायचा तर तयारी काय?

सगळ्यात महत्त्वाचं: झाड तोडतानाच बुडखा तीन-चार फूट उंच ठेवा. बहुतेक ठिकाणी झाड जमिनीलगत कापतात, दिसायला स्वच्छ दिसतं, आणि मग जेसीबीच्या बकेटला ढकलायला काही उरत नाही. उंच खोड राहिलं की तेच तरफेचं काम करतं आणि मुळं सुटतात.

मशीन सात-आठ टनांचं, रुंदी साडेसात-आठ फूट. म्हणजे बेड्यातून (आवाराच्या फाटकातून) आत यायला मोकळी दहा फूट वाट लागते. गडगा (दगडी कुंपण) काढून परत रचायचा खर्च आधी मोजा. सेप्टिक टँक, शोषखड्डा, पाण्याची पाइपलाइन कुठून जाते तिथे चुन्याने खुणा करा. टाकीच्या फरशीवरून मशीन गेलं की फरशी आत जाते. भाडं तासावर असतं, म्हणून सगळे बुडखे आधी मोकळे करून, झुडपं साफ करून ठेवा. डिसेंबर ते एप्रिल हा काळ योग्य. पावसात मशीन रुततं, आणि आवाराची माती चाकाखाली दाबली गेली की पुढची दोन वर्षं पाणी तिथेच साचतं.

जोत्यापासून तीन-चार फुटांच्या आतला मोठा बुडखा मात्र जेसीबीने उपटू नका. मुळांबरोबर चिऱ्याचा पायाही हलतो आणि भेग त्याच पावसाळ्यात दिसते. असा बुडखा जमिनीखाली सहा इंचांवर कापा, जोत्याकडे जाणारी मुळं हाताने खणून तोडा, जेवढी निघतील तेवढी काढा, आणि त्या बाजूला वाळवीचं औषध मुरवा.

कुजवायचा असेल तर?

फक्त लांबच्या बुडख्यांसाठी. कुजणारं लाकूड वाळवीला बोलावतंच.

एक इंची गिरमिटाने आठ-नऊ इंच खोल भोकं पाडा, दर चार इंचांवर एक. दोन फूट व्यासाच्या बुडख्याला पंचवीस-तीस भोकं होतात. प्रत्येक भोक अर्धं युरियाने भरा (साधारण 40 ग्रॅम), म्हणजे एकूण एक-सव्वा किलो. वरून शेणकाला ओता, पूर्ण बुडखा मातीने झाका आणि उन्हाळ्यात ओला ठेवा. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडातून नत्र फार कमी मिळतं, ते युरिया पुरवतो. मातीने झाकणं विसरू नका: युरिया चाटून गुरं मरतात. पांगारा, सावर लवकर भुसभुशीत होतात, आंब्याला दोन पावसाळे धरा. फणस, ऐन, सागाच्या बाबतीत ही पद्धत वापरून वेळ घालवू नका, त्यांचा गाभा वर्षानुवर्षं टिकतो.

मीठ, रॉकेल, जळकं ऑइल यातलं काहीही ओतू नका. बुडखा कुजण्याऐवजी ते सगळं टिकवतं किंवा माती मारतं. आणि जांभा चाळणीसारखा असतो. आज ओतलेलं ऑइल पहिल्या मोठ्या पावसात विहिरीत उतरू शकतं.

बुडखा पेटवून दिला तर?

आवारात नको. मुळं धुमसत आत आत जातात, वर राख थंड दिसते आणि तीन-चार दिवसांनी दहा फुटांवर वाळलेल्या गवतात आग निघते. मार्च ते मे या काळात काजूच्या बागांत वणवे लागतात, त्यातले काही असेच लागतात. जाळायचाच तर खणून काढून, फोडून, उघड्या जागी, थंडीत, शेजारी पाणी ठेवून.

बिब्ब्याचा बुडखा कधीच जाळू नका. त्याच्या धुरानेही अंग सुजतं, डोळे आणि घसा जळतो. तोडतानाही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे हवेत. काजूच्या आणि आंब्याच्या चिकानेही अनेकांच्या अंगावर फोड येतात.

साग आणि ऐनाला परत फुटवे येतात, ते कसे थांबवायचे?

फुटवे कोवळे असताना, हातभर होण्याआधी, दर महिन्याला मोडत राहा. कापू नका, बुंध्यापासून खुडून मोडा. कापलेल्या ठिकाणी दोन फुटतात. बुडख्याची साल जमिनीखाली सहा इंचांपर्यंत सोलून काढली तर काम अर्ध्यावर येतं. दोन पावसाळे नियमाने केलं की बुडखा दमतो. बंद घरात हे जमत नसेल तर खणून काढणं हाच उपाय. ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल खूप विचारणा होते. 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करायचा आहे.

खड्डा कसा भरायचा?

खड्ड्यात मुळांचे तुकडे, ढलप्या, पालापाचोळा टाकून वर माती ओढू नका. लोक हे अगदी सहज करतात, आणि तेच वाळवीचं कोठार होतं. सगळं लाकूड वेचून बाहेर काढा. खड्डा आठ-दहा दिवस उन्हात उघडा ठेवा (रात्री कोणी पडू नये म्हणून भोवती काटेरी फांद्या). मग सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी शिंपडून, धुमसाने चोपत भरा. वर चार-पाच इंच उंचवटा ठेवा. एका पावसात तो बसतो. त्या जागेवर फरशी किंवा शेड एक पावसाळा गेल्यावरच.

वाळवी घरात आहे हे नक्की कसं ओळखायचं?

भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली तर मधला दोन इंचांचा तुकडा बोटाने मोडा आणि तारीख खडूने भिंतीवर लिहा. दोन-तीन दिवसांत ती जागा ओल्या मातीने परत भरली तर वाळवी चालू आहे. चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत असतो, पोखरलेल्याचा पुठ्ठ्यासारखा. खालचे सहा इंच आणि उंबरठ्याचे कोपरे आधी तपासा.

पहिल्या पावसाच्या संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी आली म्हणून घाबरू नका, ती बाहेरूनही येते. पण दिवा बंद असलेल्या खोलीत, चौकटीच्या फटीतून किंवा भिंतीच्या पायथ्यापासून ती बाहेर पडताना दिसली, तर वसाहत आत आहे.

वाळवी मातीचा ओला चिखल सोडते. कोरडा, पिठासारखा भुसा आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा. दोघांचे उपाय वेगळे आहेत, आणि वाळवीचं औषध जमिनीत सोडून भुंगेऱ्याला काही होत नाही.

औषध कसं आणि किती?

आधी बिनऔषधाचं काम. जोत्याभोवती दीड फूट पट्टा मोकळा करा. फुलझाडांसाठी टाकलेली मातीची भर जोत्याच्या वर चढली असेल तर खाली काढा. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी पडत असेल तर पन्हळ लावा. भिंतीला टेकवलेली लाकडं, जुने वासे, कौलांच्या चळती हलवा. एवढ्यानेच बऱ्याच घरांत निम्मा प्रश्न आटपतो.

उभ्या घरासाठी भारतीय मानक 6313 (इमारतींच्या वाळवी-प्रतिबंधाचं मानक) चा तिसरा भाग पाळायचा. आतून जमीन आणि भिंत मिळते त्या रेषेत दर 30 सेंमीवर 12 मिमीचं भोक, प्रत्येकात 1 लिटर द्रावण, मग भोक सिमेंटने बंद. बाहेरून जोत्यालगत चर काढून पायाच्या उभ्या पृष्ठाला चौरस मीटरमागे 7.5 लिटर. इमिडाक्लोप्रिड 30.5 एससी असेल तर लिटरला 2.1 मिली. वीस बाय तीस फुटांच्या घराचा आतला घेर साधारण 30 मीटर, म्हणजे 100 भोकं, 100 लिटर पाणी, 210 मिली औषध. मधल्या भिंती आणि बाहेरचा चर वेगळा. हा हिशेब तुमच्याकडे असला की कंत्राटदार दहा लिटरची टाकी पाठीवर घेऊन भिंतीवर फवारा मारून निघाला तर लगेच ओळखता येतं. हे काम फवाऱ्याचं नाही, मातीत मुरवण्याचं आहे.

विहीर पन्नास फुटांच्या आत असेल तर त्या बाजूला औषध मुरवू नका. तिथे मुळं आणि लाकूड काढणं, आणि गरज पडली तर व्यावसायिकांकडून आमिषाच्या डब्या बसवणं हाच मार्ग. मातीत रचलेल्या चिऱ्याच्या भिंतीत औषध सांध्यांतून अनपेक्षित जागी बाहेर येतं. काम चालू असताना एक माणूस पलीकडच्या बाजूला उभा असावा. शेणाने सारवलेल्या जमिनीत स्वयंपाकघर आणि झोपायची जागा वगळूनच करा.

वाशांत आणि बांबूत भुसा पडतोय. काय करावं?

बांबूत आणि लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात पिष्ट असतं, भुंगेऱ्याला तेच हवं असतं. सागाचा गाभा तो सहसा सोडून देतो, म्हणून वासा कितपत आत गेला ते कोयत्याने पांढरा भाग ताशून पाहा. गाभा शाबूत असेल तर वासा बदलायची गरज नाही. ताशलेल्या लाकडाला बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सचं पाच टक्क्यांचं द्रावण, म्हणजे 10 लिटर गरम पाण्यात 200 ग्रॅम बोरिक आणि 300 ग्रॅम बोरॅक्स, ब्रशने तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू देऊन. हे पाण्यात विरघळतं, म्हणून पाऊस लागणाऱ्या लाकडाला उपयोग नाही. बाहेरच्या लाकडासाठी काजूच्या टरफलाचं तेल हा आपल्याकडचा जुना आणि चांगला उपाय आहे. होड्यांनाही ते लावत आले आहेत. कातडी भाजते, म्हणून रबरी हातमोजे घालूनच. नवा बांबू तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून मग वापरा.

उंदीर आणि घुशी?

करंगळी जाईल त्या फटीतून लहान उंदीर जातो. मोरीच्या तोंडाला, कौलांच्या खालच्या कडेला, दाराखाली पाव इंची जाळी किंवा पत्रा लावा. छपरावर आलेल्या फांद्या सहा फूट मागे छाटा. माडावर चढणाऱ्या उंदरांसाठी खोडाला सहा-सात फुटांवर दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा, आणि शेजारच्या झाडाची फांदी त्या माडाला लागत नाही हे पाहा. सापळा भिंतीलगत लावा, मध्यभागी नाही. आमिषाला भाजलेलं सुकं खोबरं किंवा सुकट.

घर बंद करून जाताना विषारी आमिष पेरून जाऊ नका. उंदीर वाशांत मरतो, आणि तो खाऊन घुबड किंवा साप मरतो, जे फुकट काम करत होते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका. लहान मुलाने थोडी चाटली तरी यकृत जातं आणि त्यावर उतारा नाही. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून खड्ड्यातल्या साचल्या पाण्यात गमबूट घालूनच उतरा आणि पायाला जखम असेल तर उतरूच नका.

बुडख्यात साप, विंचू असतात का?

असतात असंच धरून चाला. पोकळ बुडख्यात, दगडांच्या राशीत, सालीखाली फुरसं असतं. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं, आणि हलत नाही. हात घालण्याआधी लांब काठीने ढवळा, सालीचा तुकडा आपल्या विरुद्ध बाजूने उलटा करा. वारूळ फोडू नका. जुन्या वारुळात नाग राहतो. साप वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, पकडायला वनविभाग किंवा सर्पमित्र. कार्बोलिक, डांबरगोळ्या, लसूण यांनी साप थांबत नाही. उंदीर आणि अडगळ गेली की थांबतो.

चावल्यास दोरी बांधू नका, चिरू नका. हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा, ग्रामीण रुग्णालय गाठा. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, हिरड्यांतून रक्त तासांनीही येऊ शकतं, म्हणून सुरुवातीला बरं वाटलं तरी घरी परत येऊ नका. तांबड्या विंचवाच्या दंशानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं तर लगेच दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे यावर प्राझोसिन हे औषध रूढ झालं. ते डॉक्टरांनीच द्यायचं.

झुडपं साफ करताना गोचिडीची काळजी का?

दोडामार्ग-सावंतवाडी भागात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. हा ताप कोरड्या महिन्यांत पसरतो, आणि झुडपं साफ करायचं काम नेमकं त्याच महिन्यांत येतं. पँट मोज्यांत खोचा, आरोग्य केंद्राकडून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल लावा, काम संपल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात. आवारात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. ताप आला तर डॉक्टरांना झाडीत काम केल्याचं आवर्जून सांगा.

पावसात वाणी (वेटोळं करणारे, अनेक पायांचे किडे) घरभर येतात.

विष नको. जोत्याभोवतीचा पाला उचला, वाणी सुपलीत गोळा करून बाहेर टाका. मातीसाठी ते चांगलेच.

गणपतीला घर उघडल्यावर पहिल्या दिवशी काय बघायचं?

दार उघडण्याआधी बाहेरून एक फेरी मारा, हातात काठी आणि विजेरी घेऊन. जोत्यावर मातीच्या नळ्या, पन्हळीखाली ओल, नवे घुशीचे उकीर. आत गेल्यावर खिडक्या उघडा आणि अर्धा तास बाहेर थांबा. मग गाद्या काठीने उचलून झटका. उंबरठा आणि चौकटीचे खालचे कोपरे ठोकून बघा. न्हाणीघराच्या चौकटीला जास्त वेळ द्या, घरात सगळ्यात आधी ती जाते. मे महिन्यात खडूने तारीख घातलेल्या जागी नळी परत बांधलेली दिसली, तर मखराची लाकडं त्या भिंतीला टेकवू नका आणि विसर्जनानंतर निघण्याआधी कंत्राटदाराची तारीख पक्की करा.